पाय पोस्टाने येत नाही

कोपर्ली, ता. नंदुरबार
१६ जानेवारी १९४४

ती. भिकुअक्कास चुडामणचा नमस्कार.

माझं अक्षर पाहून तुला वाटेल, आता यांचं काय काम निघालं. काम आहे. पण आधी बातमी लिहितो. माझी मंडळी निर्मला बाळंतपणात गेली. मुलगी आहे, ती वाचली. तू निर्मलाला पाहिलं नव्हतंस. माझं लग्न झालं तेव्हा तुझं येणंजाणं बंद झालेलं होतं. तार करायची राहिली. नंदुरबारला जाणारं माणूस मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पोर शेळीच्या दुधावर आहे. माय कापसाची वात दुधात बुडवून तिच्या तोंडात धरते. पण दहावा झाल्यावर मायने पाण्याचा हंडा उचलला आणि तिच्या कमरेत चमक भरली. तिची कंबर जुनीच दुखणाईत, पेरणी आली की दरवर्षी धरायची, हे तुला माहीत आहे. या वेळी ती उठूनच बसत नाही. पालथी पडून असते आणि पोर बाजूला. मिठाचा शेक दिला, एरंडाचं पान बांधलं. बिब्बा घातला तर कातडी उतली, दुखणं तसंच.

रेवजीकाका परवा दारात उभं राहून म्हणाला, "तापीवहिनी, तुन्ही भिकी आठे ऱ्हाती तं एक लाथमा उठी बठती!" घरात नुकतं मरण झालेलं असताना तो हसला. माय भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

निर्मलाचे वडील भटूनाना शहाद्याहून आले होते. त्यांचं म्हणणं, ज्या घरात उभी राहणारी बाई नाही तिथे तान्ही पोर कशी जगेल, आम्ही नेतो. मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत थांबा. ते थांबतो म्हणाले. पण पोर एकदा त्यांच्या घरी गेली की परत यायची नाही. मग या घरात निर्मलाचं काहीच राहणार नाही.

म्हणून लिहितो. तू पायाळू आहेस, पायांकडून जन्मलेली. दोन दिवस ये आणि मायच्या कमरेला पाय लाव. मी स्वतः या गोष्टी मानत नाही. पण मायला तुझ्याशिवाय कुणाच्या पायाने आराम पडला नाही, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. दाजी रावसाहेबांना नमस्कार सांग.

चुडामण

कोपर्ली
६ फेब्रुवारी १९४४

ती. अक्कास नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. अहमदाबादेहून इथवर यायला त्याला बरेच दिवस लागले, गाड्या सगळ्या पलटणींनी भरलेल्या असतात. कार्डावर एकच ओळ होती. "पाय पोस्टाने येत नाही." मायने विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, खुशाली विचारली आहे.

तुला राग येणं बरोबर आहे. पेरणीनंतर आपल्या ओट्यासमोर रांग लागायची, लोक पालथे पडायचे आणि आबा तुला हाक मारायचे. ढग आले की माय तुला धान्याच्या खोलीत कोंडायची, कारण वीज पायाळू माणसाला शोधत येते. लग्न होऊन माहेरी आलीस तरी रांग चुकली नाही. तुला पाचवा महिना होता, तो प्रकाश्याचा जाड माणूस पडला होता आणि त्याच्या पाठीवरून तू घसरलीस. मी ओट्यावर होतो. नंतर काय झालं तेही मला माहीत आहे. आबा वारले तेव्हा तू आली नाहीस, याबद्दल माझ्यासमोर तुला कुणी बोललं नाही. बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

तेव्हा पायाचं सोड. दुसरा उपाय कळला आहे. नंदुरबारच्या कापसाच्या जिनातला फिटर सांगत होता, चिंचपाड्याच्या दवाखान्यात विजेची पेटी आहे. लाकडाची पेटी, आत लोहचुंबक आणि चाक. बाहेरचा दांडा हाताने फिरवला की दोन तारांमधून वीज येते. तारांच्या टोकाला ओल्या कापडाच्या गाद्या असतात, त्या कमरेवर ठेवतात. फिटरची कंबर गाठोडं उचलून गेली होती. तो आता कामावर आहे.

मी मायला म्हटलं, गाडीने नेतो. ती म्हणाली, "नको."

"का नको?"

"नको सांगं ना एक डाव."

रोज विचारतो, रोज हेच. दुखणं असं आहे की रात्रभर ती लुगड्याचा पदर दातात धरते. कारण मात्र सांगत नाही. पोरीला उचलायचं असलं तर आधी कोपरांवर सरकते, मग थांबते, मग हात पुढे करते. तेवढ्याने तिच्या कपाळावर घाम येतो. मी उचलून देतो म्हटलं तर चिडते.

चुडामण

कोपर्ली
२७ फेब्रुवारी १९४४

ती. अक्कास नमस्कार.

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो, कारण मागच्या दोन्ही पत्रांत मी एक गोष्ट गाळली. मायने शपथ घातली होती. पण तुला सांगितल्याने शपथ मोडते असं मला वाटत नाही.

पोर पायाळू आहे.

त्या दिवशी मी अंगणात होतो. कालीबाई सुईण दारात आली आणि म्हणाली, "पाय पहिले उना." मला ती कोणाबद्दल बोलते आहे ते कळलं नाही. ती परत आत गेली. पुढचं लिहीत नाही.

मायने कालीबाईच्या हातावर तुळस ठेवून तिच्याकडून वचन घेतलं, गावात बोलायचं नाही. निर्मलाच्या आईलाही सांगितलं नाही. कालीबाईने वचन पाळलं आहे.

आता पेटी का नको ते ऐक. मी काल जरा आवाज चढवला तेव्हा माय बोलली. तिचे शब्द तसेच लिहितो.

"ईज पायाळूले सोधस, तुले ठावं नही का? मन्हा आंगमा ईज भरी तं मी हाई पोरले हात कशी लावू?"

मी म्हटलं, माय, ती आकाशातली वीज नव्हे. डॉक्टर शिकलेले आहेत.

"डॉक्टरले काय ठावं? डॉक्टरनी माय काय पायाळूनी माय शे?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आनी अहमदाबादले भिकी शे. तिले बी मीच जनेल शे. एकच रगत शे. तिले लागनी तं?"

अक्का, मी व्हर्नाक्युलर फायनल पास आहे. या बोलण्यावर काय उत्तर द्यावं ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. पेटी लावली नाही तर माय उभी राहणार नाही आणि भटूनाना पोर नेतील. पेटी लावली तर माय पोरीला शिवणार नाही. मी दोन्ही बाजूंनी अडकलो आहे.

तू विजेच्या शहरात राहतेस. घरात दिवा आहे का? बटणाला हात लावतेस का? एवढं एका कार्डावर लिही. मी मायला वाचून दाखवीन.

चुडामण

कोपर्ली
१४ मार्च १९४४

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पुडकं मिळालं. पत्र सापडेना म्हणून कागद उलटसुलट करून पाहिला. नुसते पायमोजे, तेही तान्ह्या मुलाचे, हाताने विणलेले. मायने ते हातात घेतले आणि बराच वेळ बोटं आत घालून पाहत राहिली. मग पोरीच्या पायांत घातले. तेव्हापासून काढले नाहीत.

तू चांगल्या मनाने पाठवलेस. पण होळी झाली, ऊन तापलं आणि गावात कुणाच्याच पोराच्या पायात मोजे नाहीत. शेजारची बेबीबाई ताक द्यायला आली होती. म्हणाली, "काय वं तापी, उन्हाळामा पोरले मोजा? पायले काय सोनं लायेल शे का?" माय म्हणाली, सर्दी आहे. बेबीबाई हसली नाही. पोरीच्या पायांकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि भांडं न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी रेवजीकाका नारळ घेऊन ओट्यावर बसला होता. कमरेला हात लावून.

"जरासा पाय लावा दे वं वहिनी. पोरनं काय झिजी?"

माय कोपरांवर उठली. इतकी उठलेली मी तिला दोन महिन्यांत पाहिली नव्हती. तिने पोर पोटाखाली ओढली आणि ओरडली, "मन्ही एक पोर झिजनी! आते दुसरी नही!"

रेवजीकाका नारळ तिथेच टाकून गेला. माय नंतर जी पडली ती दोन दिवस कुशीवर वळू शकली नाही.

बातमी शहाद्याला पोहोचायला वेळ लागला नाही. भटूनानांचा निरोप आला. आता ते उन्हाळा संपेपर्यंत थांबायला तयार नाहीत. आखाजीच्या सणाला येतो, पोर तयार ठेवा. निरोप आणणारा म्हणाला, नाना म्हणतात पायाळू नात नशीबवाल्याच्या घरी येते. तुला माहीत नसेल म्हणून लिहितो, भटूनानांची स्वतःची कंबर धरलेली आहे. ते उठताना दोन माणसं लागतात.

हा निरोप मी मायला जसाच्या तसा सांगितला.  मग म्हणाली, "चिंचपाडानी गाडी कव्हळ शे?"

चुडामण

चिंचपाडा, दवाखान्याची धर्मशाळा
२ एप्रिल १९४४

ती. अक्कास नमस्कार.

इथे येऊन काही दिवस झाले. नंदुरबार स्टेशनवर मी तीन तिकिटं मागितली. बाबूने विचारलं, तिसरं कोणाचं, तान्ह्या पोराला लागत नाही. मी दोन घेतली.

मायने पेटीला होकार दिला तो तिच्या अटीवर. पेटी लावत असताना पोर त्या खोलीत नको. नंतर ती बाहेर येऊन दोन्ही हात जमिनीवर टेकणार, वीज मातीत उतरू देणार, मग अंघोळ करणार आणि मगच पोरीला घेणार. इथल्या नर्स तुळशीबाई इकडच्याच, डोंगरातल्या कोकणी जमातीच्या. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याची बादली दाराशी आणून ठेवली.

"आजी, भिऊ नका," त्या म्हणाल्या. "मुंग्या येतील, एवढंच."

"मुंग्या का साप, तू पहिले तुन्हा आंगले लाई दखाड."

तुळशीबाईंनी गादी आपल्या हाताला लावली आणि मला दांडा फिरवायला सांगितलं. त्यांची बोटं आपोआप उडाली. त्या हसायला लागल्या. माय म्हणाली, "तुले काय व्हई? तू थोडीच पायाळूनी माय शे."

पहिल्या दिवशी गाद्या लावल्या तेव्हा मायने देवाचं नाव घेतलं आणि खाटेची कड धरली. कमरेचं मांस आतून थरथरत होतं, ते मला दिसत होतं. पेटी थांबली तशी ती म्हणाली, "दुखनं कोठे गयं?" आपणच घाबरली. थोड्या वेळाने दुखणं परत आलं, पण आधीएवढं नाही. डॉक्टर म्हणाले, पेटीने दुखणं मुळापासून जात नाही. गप्प होतं तेवढ्या वेळात चालायचं, हात-पाय हलवायचे. पडून राहिलात तर पेटीचा उपयोग नाही. मायने हे मात्र मानलं. भिंत धरून ओसरीच्या टोकापर्यंत जाते, परत येते.

परवा एक गोष्ट झाली.

तुळशीबाई गाद्या लावून मला म्हणाल्या, हळू फिरवत राहा, मी येते. साप चावलेला माणूस आला होता, सगळे तिकडे धावले. पोर बाहेर एका कोकणी बाईच्या मांडीवर होती. ती बाई दूध पाजत होती. एकदम तिचा आवाज आला आणि ती धावत आत शिरली. पोरीच्या श्वासात दूध गेलं होतं. ओठ निळे पडले होते, आवाज निघत नव्हता. बाई कोणाकडे द्यावं म्हणून खोलीत पाहत होती आणि मायने पालथ्या पालथ्या दोन्ही हात लांब करून पोर ओढून घेतली. कमरेवर तारा तशाच. पोरीला उलटी धरली आणि पाठीवर चापट मारली, परत मारली. दूध बाहेर आलं. पोर रडली.

मग मायला आपल्या पाठीवरची पेटी आठवली.

ती हलेना. पोरीला सोडेना आणि जवळही घेईना. तशीच हात लांब करून धरून राहिली, आणि पोर रडत होती, रडत होती. तिने पोरीचे पाय पाहिले. मोजे काढून तळवे पाहिले, बोटं पाहिली. "चालू व्हती का रे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"सगळा टाईम?"

"हो, माय."

तिने पोरीला छातीशी घेतलं. त्या दिवसापासून बादलीला हात लावलेला नाही.

चुडामण

कोपर्ली
२८ एप्रिल १९४४

ती. अक्कास नमस्कार.

आखाजी झाली. भटूनाना आले होते, सोबत निर्मलाची आई कमलीबाई आणि बैलगाडीत पोरीसाठी बांधलेली झोळी.

माय दारात उभी होती. अक्का, उभी होती, कडेवर पोर घेऊन. घागरीची पूजा तिने केली, पानं तिने वाढली. अधूनमधून भिंतीला पाठ टेकत होती, पण बसली नाही. कमलीबाई तिच्या हाताखाली पोळ्या वाढत होती आणि पोरीकडे पाहून डोळे पुसत होती. तिचं मला वाईट वाटलं. तिचीही मुलगी गेली आहे.

जेवण झाल्यावर नानांनी विषय काढला. म्हणाले, पायाळू पोर सांभाळणं जोखमीचं, आमच्याकडे पक्कं घर आहे.

माय म्हणाली, "नाना, हाई पोर पायाळू नहीच."

"सगळं गाव सांगस."

"गावले काय ईज लागनी व्हती? मन्हा आंगमा चालू व्हती आनी मी तिले उचलं. पायाळू ऱ्हाती तं तठेच जळी जाती. इचारा चुडामणले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान हलवली. मायने कालीबाईलाही बोलावून ठेवलं होतं. कालीबाई तोंडातलं पान न थुंकता म्हणाली, "डोकंच पहिले उनं व्हतं. गाव कायबी बोलस."

नानांनी आमरसाची वाटी बाजूला सारली. कमलीबाईनेच शेवटी म्हटलं, पोर आजीजवळ चांगली आहे, राहू द्या. त्यानंतर नानांनी जोर केला नाही. उठताना त्यांना दोन माणसांनी धरलं. माय म्हणाली, कंबर चिंचपाड्याला न्या, मुंग्या येतात, बाकी काही होत नाही. झोळी कमलीबाई इथेच ठेवून गेली. पोर आता तिच्यात झोपते.

म्हणजे पोर आमच्याकडे राहिली. एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. पण तुझ्याशी खोटं राहू नये असं वाटतं.

मागच्या पत्रात लिहिलं की पेटी चालू होती. ती चालू नव्हती. मायचा हात पोरीकडे जाताना दिसला आणि माझा हात दांड्यावर थांबला. विचार करून नाही. तुला मी लिहिलं होतं की मी हे मानत नाही. तरी थांबला. मायने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, आणि नानांसमोर परत मान हलवली. त्याचा मला पस्तावा नाही. पण मायला खरं सांगितलं तर ती पोरीला परत लांबून धरेल.

आणि न सांगावं तर वेगळंच झालं आहे. पाहुणे गेल्यावर ती ओट्यावर बसली.  मग म्हणाली, "चुडामण, पाय पहिले येल पोरले काहीच व्हयनं नही. मंग भिकीना पायमा बी काही नव्हतं का रे? मी तिले लोकेसनी पाठवर उगाच उभी करं का?"

 ती रडली नाही, पण जेवलीही नाही. काल परत तेच विचारलं, आज सकाळी परत. माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे आहे की नाही हेही मला माहीत नाही. पण तो प्रश्न तुझा आहे, माझा नाही, आणि तो कार्डावर सुटणार नाही. म्हणून ये म्हणतो. कंबर आता पेटीवर आणि चालण्यावर आहे, पाय कुणी मागणार नाही.

पत्र लिहितोय हे मायला कळलं. म्हणाली, मन्हं बी लिख. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो आणि थांबतो:

"भिकीले लिख. तू येशी तं आपू दरवाजा लाई घेसूत. कोनले घरमा येऊ देवाव नही."

चुडामण